आत्याच्या गाडीचा नवा मेंदू

४ फेब्रुवारी

खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गेलाय तो माझ्या लाल गाडीचा ईसीयू. तुम्ही लोक ज्याला इंजिनाचा मेंदू म्हणता, तो. इंजिन गार असेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते आणि जरा तापलं की आचके देत बंद पडते. काल भर चौकात बंद पडली. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांत निम्मे माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेले! एकाने तर काच खाली करून विचारलं, "मास्तरीणबाई, क्लच सुटला का?" त्याचा नंबर मी बघून ठेवलाय.

फोन का केला नाही? कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि मी ओरडत बसते. ओरडून झालं की लक्षात येतं, तू कशाचंच उत्तर दिलेलं नाहीस. कागदावर टाळाटाळ केलीस तर ती दिसते तरी.

कंपनी म्हणते, तो डबा आम्ही आता बनवत नाही. काउंटरवरचा माणूस वर असंही म्हणाला की या वयात दोन सीटची स्पोर्ट्‌स कार कशाला ठेवता. त्याला काय सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणजे आता बाहेरच्या कुणाचा तरी ईसीयू बसवायचा. माझ्या स्कूलच्या गाड्यांचं वायरिंग बघणारा कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, जुन्या जागी जुन्याच सॉकेटला बसणारा तयार डबा मिळतो, तो घ्या आणि मोकळ्या व्हा. शर्यतीच्या क्लबातल्या दीडशहाण्यांना विचारलं तर जेवढी तोंडं तेवढे ईसीयू. तू दिवसभर लोकांच्या गाड्या लॅपटॉपला जोडून हेच करतोस, तर तू सांग.

माझी अट एकच. ऑक्टोबरातल्या चढाच्या शर्यतीत शेवटचा सरळ रस्ता येतो ना, तिथे मला इंजिनाची सगळी ताकद पाहिजे. दरवर्षी नेमकी तिथेच गाडी दम टाकते. एकदा तरी तो रस्ता मला पूर्ण पेडल दाबून चढायचा आहे.

आत्या

---

१३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. चांगला वाकून करतो, म्हणजे टपली मारायला तुला सोपं जाईल.

तुझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक तो तयार डबा. इलेक्ट्रिशियन बरोबर सांगतोय, तासाभराचं काम. पण गाडी बनवणाऱ्यांच्या मनात जेवढं होतं तेवढंच त्यात करता येतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. दुसरा खुला ईसीयू. त्याला जन्मतः काहीच माहीत नसतं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, कुठला सेन्सर कुठे आहे, सगळं आपण शिकवायचं. वायरिंग नवीन करावं लागतं. पण एकदा शिकवलेलं विसरत नाही. तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बराच बरा.

माझं मत खुल्याला. आणि होतंच आहे काम तर आणखी एक बदल कर. ॲक्सिलरेटरची केबल काढून इलेक्ट्रॉनिक पेडल बसव. आत्ता तुझा पाय केबल ओढतो आणि इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडते. नव्या पद्धतीत पेडल ईसीयूला सांगतं आणि ईसीयू मोटरने थ्रॉटल उघडतो. गार इंजिन नीट चालतं, चढावर झटके बसत नाहीत. सगळ्या नव्या गाड्यांत असंच असतं.

तब्येत कशी आहे? बाबा काहीतरी म्हणत होते.

खटपट्या

---

२१ फेब्रुवारी

खटपट्या,

तब्येत ठणठणीत. तुझा बाप जन्मल्यापासून काहीतरी म्हणतोच आहे. मी धाकटी बहीण असून त्याला पोहायला मी शिकवलं, तेव्हाही तो पाण्यात उभा राहून काहीतरी म्हणत होता.

बाकी सगळं कळलं, पण केबल का काढायची हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. मी पाय दाबला की थ्रॉटल उघडलं पाहिजे. मध्ये हा मध्यस्थ कशाला? इलेक्ट्रिशियनलाही ते पटत नाही. म्हणाला, "बाई, केबल तुटली तर डोळ्यांना दिसते. त्या डब्यात काय चाललंय ते कोण बघणार?" मी म्हटलं, माझा भाचा बघणार. तरी त्याचं आपलं चालूच, तयार डबा घ्या, गाडीला लागतं तेवढं त्यात आहे. शेवटी आमची चांगली जुंपली. दुकानात गिऱ्हाईकं होती, ती स्कूटरवर बसून तमाशा बघत होती. मी ठणकावून सांगितलं की माझ्या घरात इंजिनांचा जाणकार आहे आणि तो सांगेल ते बसेल. मग म्हणाला, ठीक आहे, आणून द्या, बसवतो.

तेव्हा तुझ्या शब्दावर मी भांडून आले आहे हे ध्यानात ठेव. डबा आणि ते पेडल पाठवून दे.

आत्या

---

२९ एप्रिल

आत्या,

काल इलेक्ट्रिशियनने लॅपटॉप जोडून दिला, मी इथे बसून इंटरनेटवरून सगळी सेटिंग भरली. त्याने वायरिंग फार सुरेख केलंय. प्रत्येक वायर टेपने गुंडाळून तिला चिठ्ठी लावलीये. त्याला माझ्यातर्फे सांग.

सेटिंगला पासवर्ड टाकून कुलूप लावलंय. त्यात विशेष काही नाही, इंजिन जुळवणारे सगळेच ट्यूनर लावतात. आपली मेहनत दुसऱ्याने उचलू नये म्हणून धंद्याची तशी पद्धतच आहे.

जपून चालव. इंजिनाला नव्याची सवय होऊ दे.

खटपट्या

---

१० जून

खटपट्या,

सवय होऊन महिना उलटला. सकाळी किल्ली फिरवली की गाडी मांजरीसारखी गुरगुरते, चौकात बंद पडत नाही, इथपर्यंत तुझं कौतुक. पण वर ताकदच नाही! निम्मं पेडल दाबेपर्यंत छान खेचते आणि त्यापुढे मी पाय पार जमिनीला टेकवला तरी तिला पत्ता नसतो. क्लबाच्या सरावाला गेले होते. चढावर एक बाई मला मागे टाकून गेली, तिच्या मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या होत्या.

मी तडक इलेक्ट्रिशियनकडे गेले. म्हटलं, काय करून ठेवलंस? तो म्हणाला, "माझ्या बाजूने सगळं तपासलंय, आत काय आहे ते मला दिसत नाही. कुलूप तुमच्या भाच्याचं आहे." मला वाटलं, झालं, आता हा स्वतःचं पाप तुझ्या माथी मारतोय. माझं डोकंच फिरलं. त्याच्या गिऱ्हाईकांसमोर त्याला म्हटलं, तुला पहिल्यापासून हा डबा बसवायचा नव्हता म्हणून तू मुद्दाम वाकडं काम केलंस. स्कूलच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या. तो हातातला टेप कापत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तू तुझ्या बाजूने बघ आणि त्याने काय चुकवलंय ते मला लिही. शर्यत चार महिन्यांवर आली.

आत्या

---

१८ जून

आत्या,

मी बघतो. कधी कधी पेट्रोल चांगलं नसलं तरी असं होतं. एखादा सेन्सरही असू शकतो. इलेक्ट्रिशियनवर एवढं ओरडायला नको होतंस, त्याचं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगू का, रोजच्या वापराला आत्ता आहे ती ताकद कमी नाही.

इथे कामाची फार गर्दी आहे. सवडीने लिहितो.

खटपट्या

---

५ जुलै

खटपट्या,

सवडीने लिहिण्याची तसदी घेऊ नकोस. मला सगळं कळलंय.

काल तुझ्या बापाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन चालले होते. गावाबाहेरच्या चढावर पुढे एक टँकर रांगत होता. मी आरसा बघितला, समोरचा रस्ता बघितला, मोकळा होता. उजवीकडे काढली आणि पेडल दाबलं. या गाडीने असे टँकर मी आयुष्यभर मागे टाकले आहेत. पण ती पळेचना! टँकरच्या बरोबरीला आलो आणि तिथेच अडकलो, पुढेही सरकेना. वरून वळणातून बस आली. आणि तुझा बाप गालावरचा हात काढून किंचाळला, "दाबू नकोस गं, ती नाही पळायची! त्याने कमी करून ठेवलीये!"

मी ब्रेक मारला आणि कशीबशी टँकरच्या मागे घुसले. बस आमच्या आरशाला घासून गेली. पुढे गाडी बाजूला घेऊन मी तुझ्या बापाला बोलतं केलं. पेडल कितीही दाबलं तरी थ्रॉटल पूर्ण उघडायचंच नाही असं तू ठरवून टाकलंस. त्यासाठीच खुला डबा, त्यासाठीच माझी केबल काढली. गार इंजिन नीट चालतं म्हणे! आणि हे तुम्हा बापलेकांत आधीच ठरलेलं. मी तुला विश्वासाने विचारत होते कुठला घेऊ, आणि तू माझ्याच तोंडून तुला हवा तो निवडून घेतलास.

ऐक आता. माझ्या स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. इतकी वर्षं शिकवतेय, पण "मी दाबतेय" असं तोंडाने म्हटल्याशिवाय तो मी कधी दाबलेला नाही. शिकणाऱ्याला कळलं पाहिजे गाडी का थांबली ते. नाहीतर तो समजतो गाडीच खराब आहे, नाहीतर आपणच नालायक आहोत, आणि पुढच्या वेळी भलतंच काहीतरी करून बसतो. तुला लायसन्स मिळालं त्या वर्षी हे मीच तुला सांगितलं होतं. तू माझ्या पायाखाली ब्रेक बसवलास आणि तोंड शिवून बसलास! मी मेले असते ते सोड. तुझा बाप शेजारी होता. बसमध्ये माणसं होती.

आणि त्या इलेक्ट्रिशियनचं काय? मी त्याला चार लोकांत चोर ठरवत होते तेव्हा तू मला पेट्रोलच्या गोष्टी सांगत होतास. लाज नाही वाटली?

पासवर्ड पाठव.

आत्या

---

१३ जुलै

आत्या,

टँकरचं वाचलं आणि मला खाली बसावं लागलं. ते माझं चुकलं. इलेक्ट्रिशियनच्या बाबतीतही माझंच चुकलं. पण बाकीचं नाही चुकलं, आणि आता मीही बोलणार.

गेल्या डिसेंबरात तू बाबांच्या अंगणात गाडीखाली डोकं घालून बसली होतीस. उजवा पाय तापलेल्या सायलेन्सरला टेकला होता. बाबा म्हणाले, जळकट वास कसला येतोय? तू म्हणालीस, कुणाचं तरी रबर जळतंय. ते तुझ्याच चपलेचं होतं. चप्पल वितळून तळव्याला फोड आला तरी तुला पत्ता नाही! डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे पायाची जाणीव चाललीये, जपा. बाबांना तू शपथ घातलीस की मला सांगायचं नाही. ते सांगताना रडत होते, आत्या. माझे बाबा. तुला तर ते फक्त काहीतरी म्हणतात.

मी फेब्रुवारीत सरळ विचारलं, तब्येत कशी आहे. तू लिहिलंस, ठणठणीत. तेव्हा पहिलं खोटं कुणाचं ते तूच ठरव. ज्या पायाला विस्तव कळत नाही त्या पायाला पेडल किती दाबलं गेलंय हे काय कळणार? शेवटच्या सरळ रस्त्यानंतर वळण आहे. वळणावर लोक उभे असतात. सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? एकदा तरी कुणाचं ऐकलंयस?

पासवर्ड मी देणार नाही. हवं तर जन्मभर बोलू नकोस.

खटपट्या

---

२० जुलै

खटपट्या,

पाय बधिर आहे. हो. झालं समाधान?

ते लपवलं, कारण सांगितलं असतं तर तुम्ही बापलेक मला समोर बसवून मऊ आवाजात म्हणाला असतात, "आता पुरे." मला तो मऊ आवाज सहन होत नाही. मोठ्याने बोललात तर मी मोठ्याने उत्तर देऊ शकते.

विचारतोस, ऐकलं असतंस का. नसतं ऐकलं. भांडले असते, आठ दिवस अबोला धरला असता, तुझ्या बापाच्या घरी जाऊन ताट आपटलं असतं. ते भांडण माझ्या हक्काचं होतं. तू ते मला करूच दिलं नाहीस. परस्पर निकाल लावलास आणि वर कुलूप घातलंस.

काल इलेक्ट्रिशियनकडे गेले होते. गिऱ्हाईकं असतील अशाच वेळी गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, तुझं काम चोख होतं, मी खोटा आळ घेतला, चूक माझ्या घरातली आहे. त्याने स्टूल पुढे सरकवलं. हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही आलात ते ठीक. यायला तुमचा भाचा पाहिजे होता." स्कूलच्या गाड्या परत नेऊ का विचारलं तर म्हणाला, बघू. माझ्यावर ही वेळ तू आणलीस.

त्याच्याकडे तयार डबा आहे, माझी जुनी केबलही त्याने जपून ठेवलीये. सांगाल तेव्हा बसवतो म्हणाला. म्हणजे तुझ्या पासवर्डवाचून माझं काही अडलेलं नाही. तरी मी त्याला थांबवलंय. तू काढून घेतलंस, तूच परत दे. दिलं नाहीस तर मी तो डबा बसवीन आणि शर्यतीला जाईन, पण मग आपल्यात काही उरलं असं समजू नकोस.

आत्या

---

९ ऑगस्ट

आत्या,

पासवर्ड मागच्या बाजूला लिहिलाय. इलेक्ट्रिशियनला सांग, थ्रॉटलच्या पानावर सत्तर टक्के आहे तिथे शंभर करायचं. बाकी कशाला हात लावायला नको.

हे पटून देत नाहीये. तुझं तुला परत देणं टाळता येत नाही म्हणून देतोय. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना वाटतं मी तुला मारायला निघालोय. शर्यतीला मी येणार नाही, मला बघवणार नाही. इलेक्ट्रिशियनला मी वेगळं पत्र टाकलंय. पत्राने भागणार नाही हे मलाही कळतं.

खूप राग आलाय मला तुझा.

खटपट्या

---

२३ ऑक्टोबर

खटपट्या,

जिवंत आहे. कुणाला काही झालेलं नाही. आधी हे वाचून घे, मग खाली बस.

काल शर्यत झाली. डबा तुझाच होता, सेटिंग तुझंच, शंभर केलेलं. खोटं कशाला बोलू, इंजिन तू अप्रतिम जुळवलंयस. खालची वळणं मी अशी घेतली की क्लबातले दीडशहाणे टाळ्या वाजवत होते म्हणे. मला कशाला ऐकू येतंय? आणि मग तो शेवटचा सरळ रस्ता आला.

मी पेडल पूर्ण दाबलं आणि गाडी सुटली. एवढी ताकद मी त्या गाडीत कधी पाहिली नव्हती. पाठ सीटला चिकटली. आणि तेव्हाच मला कळलं की पाय कुठे आहे ते मला माहीत नाही. पेडल दाबलंय हे मला इंजिनाच्या आवाजावरून कळत होतं, पायावरून नाही. पुढे वळण, कठड्यापलीकडे माणसं, एक बाई पोराला खांद्यावर घेऊन उभी. आता पाय उचलायचा होता. मी उचलला. उचलला गेला की नाही ते कळेना, म्हणून मान खाली घालून बघितलं. चढावर, त्या वेगात, रस्त्यावरची नजर काढून मी स्वतःचा पाय बघितला, खटपट्या. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर त्याला तिथेच गाडीतून उतरवला असता.

पाय पेडलवरून निघालेला होता. वळण अजून लांब होतं. मी गाडी कडेला घेतली. झेंडेवाले धावत आले, "काय झालं? गाडीला काय झालं?" मी म्हटलं, गाडीला काही झालेलं नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, गाडी वरपर्यंत नेली. एवढी हळू की कठड्याजवळची पोरं बाजूने चालत आली.

तुझं बरोबर होतं असं लिहीन म्हणून वाट बघत असशील तर बघ. तुझं बरोबर नव्हतं. तू ठेवलेल्या सत्तरावर मी आणखी दहा वर्षं गाडी हाकली असती, इलेक्ट्रिशियनला शिव्या घातल्या असत्या, पेट्रोलला घातल्या असत्या, आणि माझ्या पायाचं मला काल जे कळलं ते कधीच कळलं नसतं. ते मला माझं मला कळायला हवं होतं. म्हणून राग गेलेला नाही. तुझाही नाही आणि त्या पायाचा तर नाहीच. काल परत येताना गाडीत एकटी होते, तेव्हा रडले. रागानेच रडले, पण रडले.

इलेक्ट्रिशियन विचारत होता, भाचा कधी येतोय. येऊन त्याच्यासमोर उभा राहा. तो काय बोलेल ते ऐकून घे, मध्ये मी पडणार नाही.

पुढच्या वर्षापासून शर्यतीत मी नाही. क्लबाच्या लोकांना तिथेच वर, हेल्मेट काढायच्या आधी सांगून टाकलं. तुझ्या बापाला मात्र अजून सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. त्याला फार आनंद होईल. तो आनंद बघायची माझी अजून तयारी नाही.

आत्या